१९५५ ची फोर्ड एफ-१००, उजवा व्हीलबेस १६ मिमी कमी भरतोय, चासी वाकली म्हणायची का?

गंजलेला_नट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आता स्वतःवर वेळ आली म्हणून लिहितोय. दोन महिन्यांपूर्वी १९५५ ची एफ-१०० पिकअप घेतली. इंजिन चालू, केबिनचा पत्रा बऱ्यापैकी, हौद्याची लाकडं कुजलेली पण ती बदलायचीच होती. विकणारा म्हणाला "स्टेअरिंग जरासं डावीकडे धरावं लागतं, होते सवय." तेव्हाच कान टवकारायला हवे होते, पण गाडी समोर उभी असली की डोकं ठिकाणावर राहत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर झालंय असं की सरळ रस्त्यावर स्टेअरिंग दोनेक बोटं डावीकडे वळवून धरलं तरच गाडी सरळ जाते आणि मागून येणारा मित्र म्हणतो की खेकड्यासारखी चालतीये. म्हणून काल जमिनीवर पाणी ओतलं, त्यातून गाडी हळू सरळ पुढे नेली आणि ओले ठसे बघितले, तर मागच्या दोन्ही चाकांचे ठसे पुढच्यांपेक्षा डावीकडे सरकलेले, टेपने २५ मिमी. मग हबच्या मध्यापासून हबच्या मध्यापर्यंत माप घेतलं. डावीकडे २७९४, उजवीकडे २७७८. पुस्तकात व्हीलबेस ११० इंच दिलाय म्हणजे २७९४, म्हणजे डावी बाजू बरोबर आणि उजवी १६ मिमीने कमी.

शिवाय केबिन आणि हौद्यामधली फट उजव्या बाजूला वर ११ मिमी आणि खाली २४. आणि चासीच्या उजव्या चॅनेलला (पुढून मागे जाणारा लांब दांडा), फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) थोडं मागे वरच्या पट्टीवर एक सुरकुती आहे, डोळ्याला नीट दिसत नाही पण बोट फिरवलं की कळते.

चासी वाकलीये हे नक्की का? वाकली असेल तर सरळ होते का, की दुसरी चासी शोधत बसू? माझ्याकडे दोन जॅक, चार घोडे (गाडी टेकवायचे स्टँड) आणि भरपूर उत्साह आहे. वेल्डिंग येत नाही.

दोन_नंबर_डिझेल

भावा चासी गेली. १६ मिमी म्हणजे चेष्टा नाय. एकदा वाकलेलं लोखंड परत तिथंच वाकतं, किती पण ओढा. दुसरी चासी बघ, केबिन आणि इंजिन उचलून त्याच्यावर टाक, विषय संपला.

ओळंबा_काका

थांबा जरा. इतक्यात तेरावं घालू नका तिचं.

नट, तू जे मोजलंस तो व्हीलबेस आहे, चासी नाही. व्हीलबेस म्हणजे एका अ‍ॅक्सलपासून दुसऱ्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर, आणि अ‍ॅक्सल आणि चासीच्या मध्ये पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग), बुश, शॅकल, यू-बोल्ट, सेंटर बोल्ट एवढी वऱ्हाडी मंडळी बसलेली असतात. त्यातलं कोणी पण सरकलं तरी तुझं माप चुकतं आणि चासी बिचारी सरळच असते. मी तरी कुठलीही जुनी पिकअप "चासी वाकली" म्हणून आली की पहिल्यांदा मागच्या पाट्याखाली घुसतो.

तिथे काय बघायचं ते सांगतो. पाट्यांच्या गठ्ठ्याच्या मधोमध आरपार एक सेंटर बोल्ट असतो, त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. अ‍ॅक्सल पुढेमागे सरकू नये ही त्याची जबाबदारी, आणि यू-बोल्ट नुसते दाबून धरतात. यू-बोल्ट ढिले राहिले की सगळा जोर त्या सेंटर बोल्टवर येतो आणि एक दिवस तो तुटतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही कारण डोकं जागेवर असतं आणि नट पण जागेवर असतो. पण बैठकीच्या कडेला जिथे पाटा आधी टेकायचा तिथे घासलेली चकचकीत पट्टी दिसते, किंवा मागच्या बाजूला रंगाची जुनी रेघ उघडी पडलेली असते. मागच्या अ‍ॅक्सलला इंजिनचा जोर पुढे ढकलत असतो त्यामुळे तो बहुतेक वेळा पुढेच सरकतो. तुझी उजवी बाजू कमी भरतीये, म्हणजे उजवं मागचं चाक पुढे आलेलं असू शकतं. तसं असेल तर मागचा अ‍ॅक्सल गाडीला डावीकडे ढकलतो, तू स्टेअरिंग डावीकडे धरतोस, आणि शेपूट डावीकडे राहतं. तुझं सगळं वर्णन याच्याशी जुळतंय.

पण ती सुरकुती मला आवडलेली नाही. म्हणून आता चासी मोजायची, आणि मोजायची म्हणजे टेप घेऊन गाडीखाली लोळायचं नाही.

हौदा उतरव, लाकडं काढायचीच आहेत ना. गाडी सपाट फरशीवर घे आणि घोडे पाट्यांच्या हँगरजवळ (पाटे चासीला टांगलेले असतात तिथे) लाव, चासीच्या मधे नको. मधे टेकवलीस तर पुढचं मागचं वजन लोंबकळून नसलेला बाक दिसायला लागेल. मग लेव्हलची नळी घे, पारदर्शक पाण्याची नळी रे, गवंडी वापरतात ती. चासीचे चार कोपरे एका पातळीत आण. नळीत एक पण बुडबुडा राहिला तर माप खोटं, हे मी स्वतःच्या एका अख्ख्या रविवारच्या मोबदल्यात शिकलोय.

नंतर ओळंबा. दोन्ही चॅनेलवर एकाच जोडीची ठिकाणं निवड: हँगरची रिबीटं, क्रॉस मेंबरची (दोन चॅनेल जोडणारा आडवा दांडा) रिबीटं, कारखान्यात पाडलेली भोकं. नंतर कुणी तरी ड्रिल मारून पाडलेली भोकं चालणार नाहीत. प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोड, टोक जमिनीवर टेकायच्या आधी स्थिर होऊ दे आणि खडूने फुली मार. साताठ जोड्या झाल्या की घोडे काढून गाडी बाजूला ढकल. आता तुझ्यासमोर फरशीवर चासीचा नकाशा आहे. जोड्यांचे मध्यबिंदू काढ आणि खडू लावलेली दोरी ताणून पुढून मागे एक रेघ उठव. सगळे मध्य रेघेवर आले तर चासी आडवी वाकलेली नाही. मग कर्ण मोज, अख्ख्या चासीचे आणि शिवाय तुकड्या तुकड्याचे, पुढचा वेगळा, केबिनखालचा वेगळा, मागचा वेगळा. हे सगळं जमिनीवर करायचं कारण चासी मागच्या अ‍ॅक्सलवर उचललेली असते, थेट चॅनेलवर टेप लावला तर त्या चढाचं अंतर पण मापात येतं.

पीळ बघायला दोन सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या दोन्ही चॅनेलवर आडव्या ठेव, एक पुढे एक मागे, आणि मागे उकिडवा बसून एका डोळ्याने दोन्ही एका रेषेत येतात का बघ. झोळ, म्हणजे चॅनेल मधे खाली बसलंय का, ते बघायला चॅनेलच्या कडेने दोरी.

माझा हिशोब असा आहे की ३ मिमीच्या आतला फरक विसरायचा. त्या काळच्या चासी रिबीटं मारून जोडलेल्या, कारखान्यातूनच ४-५ मिमी इकडेतिकडे निघालेल्या पाहिल्यात मी. आकडे इथे टाक, मग बोलू. तोपर्यंत कोणी कितीही सांगितलं तरी साखळी लावू नकोस.

तिसरा_गिअर

काकांच्या म्हणण्याला एक शेपूट जोडतो. गाडीचं जुनं सर्व्हिस मॅन्युअल मिळव ज्यात चासीच्या मापांचं पान असतं. कारण प्रत्येक चासी दोन सरळ समांतर रुळांसारखी नसते. कित्येक पुढे अरुंद आणि मागे रुंद असतात, काहींची डावी उजवी भोकं मुद्दाम पुढेमागे असतात.

मी हे का सांगतोय तर माझ्या पहिल्या पिकअपला (फोर्ड नव्हती, दुसरी होती) पुढचा भाग मागच्यापेक्षा अरुंद दिसला आणि मी व माझा भाऊ दोघांनी मिळून ठरवलं की पुढून मार बसून चॅनेल आत गेलेत. दोन दिवस जॅक लावून बाहेर ढकलले. एवढे खूश झालो होतो की फोटो काढले. मग रेडिएटरचा सपोर्ट बसेना, बंपरचे ब्रॅकेट बसेनात, आणि तेव्हा कुठे पुस्तक उघडलं तर चासी मुळातच निमुळती. पुढचे चार दिवस ती परत वाकडी करण्यात गेले. भाऊ अजून लग्नाकार्यात हा किस्सा सांगतो.

गंजलेला_नट

काका तुमच्या पाया पडतो.

हौदा उतरवला. आधी मागचे पाटे. उजव्या बाजूच्या यू-बोल्टचे नट पान्याने नुसते धरले तर पाऊण फेरा सहज फिरले. बैठकीवर तुम्ही म्हणालात तशीच चकचकीत पट्टी, रुंदी बरोबर १० मिमी. यू-बोल्ट सोडून अ‍ॅक्सल खाली घेतला तर सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकातच राहिलं, सुट्या बटणासारखं, आणि बाकीचा बोल्ट वर पाट्यात. तुटलेला भाग बघितला तर अर्ध्याहून जास्त काळा गंजलेला आणि कडेचा थोडासा ताजा करडा, म्हणजे बरीच वर्षं अर्धवट तडा घेऊन चालत असणार. नवीन बोल्ट आणि नवे यू-बोल्ट टाकून परत मोजलं. डावीकडे २७९४, उजवीकडे २७८८. म्हणजे १६ पैकी १० एका बोल्टाने खाल्ले होते.

केबिनच्या फटीचं पण असंच निघालं. मागच्या उजव्या माउंटचं रबर बिस्किटासारखं चपटं झालेलं, बोटाने तुकडे पडत होते. केबिनच मागे कलली होती. चारही रबरं बदलली, हौदा नुसता ठेवून बघितला, तर फट वर १७ आणि खाली १९.

पण उरलेले ६ मिमी चासीतच आहेत. फरशीवरचे आकडे देतो. अख्ख्या चासीचे कर्ण ३ मिमीने वेगळे. केबिनखालचा आणि मागचा तुकडा २ मिमीच्या आत. पुढच्या तुकड्याचे कर्ण ९ मिमीने वेगळे आणि सगळ्यात पुढच्या जोडीचा मध्य मधल्या रेघेच्या ७ मिमी उजवीकडे. पीळ डोळ्याला दिसत नाही. झोळ, दोरी लावून, उजव्या चॅनेलला केबिनच्या मागे ३ मिमी, डाव्याला २.

मॅन्युअल मिळवलं, त्यातल्या मापांशी पण ताडून बघितलं, पुढचा भाग उजवीकडे गेलाय हे खरंच आहे. पण एक कळत नाही. सुरकुती उजव्या चॅनेलवर आहे, म्हणजे मार उजवीकडून बसला असेल ना? मग पुढचा भाग डावीकडे जायला हवा होता.

ओळंबा_काका

शाब्बास. आता ही चासी दुरुस्त करण्यालायक आहे असं मी म्हणू शकतो, आधी म्हणालो असतो तर थापा होत्या.

सुरकुतीचं उत्तर सोपं आहे. ओली छडी दोन हातात धरून वाकव. बाहेरच्या बाजूला साल ताणली जाते आणि आतल्या बाजूला चुरगळते. तुझ्या गाडीला पुढून डावीकडून धक्का बसलाय, नाक उजवीकडे गेलं, त्यामुळे उजवं चॅनेल आतल्या वळणात आलं आणि तिथे पट्टी चुरगळली. मार डावीकडे, घडी उजवीकडे. डाव्या चॅनेलवर त्याच ठिकाणी ताण आला असणार म्हणून तिथे सुरकुती शोधू नकोस, तडा शोध. वायर ब्रशने लख्ख घास, विशेष करून स्टेअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती आणि क्रॉस मेंबरच्या रिबीटांपाशी. रिबीटाच्या डोक्याखालून तांबडा ओघळ आला असेल तर ते रिबीट ढिलं आहे.

झोळ सोडून दे. ३ मिमी म्हणजे काही नाही. अनेक बिघाड एकत्र असतील तर आधी पीळ काढायचा, मग डायमंड (एक चॅनेल दुसऱ्याच्या मागे सरकून चौकट तिरकी होणं), मग आखडलेली लांबी, मग झोळ, आणि आडवं सरकणं सगळ्यात शेवटी. तुझ्याकडे फक्त शेवटचंच आहे, नशीबवान आहेस.

ओढायचं कसं. चासीच्या डाव्या बाजूला जमिनीलगत एक जाड गर्डर ठेव, चासीला समांतर, जवळजवळ तिच्याइतकाच लांब. पुढच्या टोकाला गर्डर आणि चासी एका साखळीत, मागे केबिनच्या मागच्या क्रॉस मेंबरपाशी दुसरी साखळी. मधे, जिथे वाक सुरू होतो तिथे, गर्डर आणि डावं चॅनेल यांच्यामध्ये हायड्रॉलिक जॅक आडवा. जॅक मधला भाग उजवीकडे ढकलतो, साखळ्या दोन्ही टोकं डावीकडे धरून ठेवतात. धनुष्य उलटं ओढायचं झालं.

यात तीन गोष्टींवर लोक चुकतात. जॅकचं तोंड थेट चॅनेलच्या पत्र्यावर टेकवतात आणि चॅनेल आत बसतं. जॅक क्रॉस मेंबरच्या समोरच आला पाहिजे म्हणजे जोर दोन्ही चॅनेलना सारखा जातो, आणि चॅनेलच्या पोटात घट्ट बसणारा लोखंडी किंवा कठीण लाकडाचा गुटका ठोकायचा, बाहेरून जाड प्लेट. दुसरं, केबिनचे माउंट, पुढच्या मडगार्डचे आणि रेडिएटर सपोर्टचे बोल्ट ढिले करत नाहीत, मग चासी सरळ होते आणि दरवाजा लागत नाही. स्टेअरिंग कॉलम डॅशपाशी सोडायला विसरू नकोस, त्याचं खालचं टोक चासीला आहे आणि वरचं केबिनला. तिसरी चूक घाईची. २-३ मिमी ढकल, तसंच ताणलेलं राहू दे, त्या सुरकुतीच्या आजूबाजूला हातोडीने हलके ठोके दे, लोखंडाला बसायला वेळ दे. मग थोडं आणखी. लोखंड परत येतं हे लक्षात ठेव, ७ काढायचे तर १०-१२ पर्यंत न्यावं लागेल, पण पहिल्याच दमात नाही. जॅक पूर्ण सोडायचा, मोजायचं, परत लावायचा. ताणलेलं असताना घेतलेलं माप म्हणजे पोट आत घेऊन काढलेला फोटो.

दोन_नंबर_डिझेल

ठीक आहे काका, दहा मिमी बोल्टात निघाले म्हटल्यावर मी गप्प. पण माझं एक ऐका. साखळी ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाय. जाड गोधडी किंवा जुनं ब्लँकेट साखळीवर टाकून ठेवा म्हणजे तुटली तर उडून येत नाही. आणि साखळीला वेल्डिंग करून जोडलेली कडी असेल तर ती फेकून द्या. मी एकदा कडी भिंतीत घुसलेली बघितली आहे, जिथं दोन मिनिटांपूर्वी मी चहा पीत उभा होतो.

स्पॅनरताई

काकांनी ओढण्याचं सांगितलंय, मी गरम करणं आणि वेल्डिंग यावर लिहिते कारण इथेच चांगल्या चासी मरतात.

शक्यतो थंडच ओढ. सुरकुती अगदीच ऐकत नसेल तर गरम करता येते, पण हे फक्त अशा जुन्या साध्या माइल्ड स्टीलच्या चासीला. आताच्या गाड्यांच्या हाय स्ट्रेंथ स्टीलला आणि मोठ्या ट्रकच्या हीट ट्रीट केलेल्या चॅनेलना टॉर्च लावायचाच नाही, ताकद निघून जाते आणि ती परत येत नाही. तुझ्या गाडीला पण मर्यादा आहे, ६५० अंश सेल्सिअसच्या वर नको. अंधाऱ्या जागेत जेमतेम मंद लाल दिसायला लागलं की बास, नारिंगी झालं म्हणजे उशीर झाला. ठराविक तापमानाला वितळणारे खडू मिळतात त्यातला एक घे, अंदाजपंचे करू नकोस. पट्टीच्या काठाला ज्योत लावायची नाही, सुरकुतीच्या भोवती फिरवायची. आणि नंतर पाणी मारायचं नाही, ओलं फडकं पण नाही, हवेत आपोआप गार होऊ दे. पेट्रोलची टाकी, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी, वायरिंग आधी काढ, नुसतं बाजूला सरकवून भागत नाही.

तडा शोधायला डोळ्यांवर विसंबू नकोस. तीन स्प्रेचा डाय पेनिट्रंट सेट घे. आधी क्लीनर, मग लाल रंग, दहाएक मिनिटं थांबायचं, पुसून काढायचा, मग वर पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पुसताना क्लीनर थेट फवारायचा नाही, कापडाला लावून पुसायचं, नाहीतर तड्यातला रंग पण धुऊन जातो आणि मग सगळं छान दिसतं.

तडा सापडला तर वरून वेल्डिंगची रेघ ओढून मोकळा होणारा माणूस शोधू नकोस. तड्याचं खरं टोक दिसतं त्याच्या जरा पुढे असतं, तिथे ५-६ मिमीचं भोक पाडायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तडा ग्राइंडरने व्ही आकारात पूर्ण खोल उघडायचा, ७०१८ चे कोरडे वेल्डिंग रॉड (ओल लागलेले असतील तर भट्टीत वाळवून), आरपार भरायचा आणि दोन्ही बाजूंनी घासून सपाट करायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढ आणि अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या जवळ लाव, बेअरिंगमधून करंट जाऊ देऊ नकोस.

वरून जोडपट्टी मारायची असेल तर तिची जाडी चॅनेलएवढीच, जास्त नाही. टोकं चौकोनी कापायची नाहीत, तिरकी कापायची, पतंगासारखी. चॅनेलच्या आडवा सरळ उभा वेल्ड घातला की त्याच रेषेवर पुढचा तडा येतो, कारण जाड आणि पातळ एकदम भेटतात आणि सगळा वाक तिथेच एकवटतो. चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या काठावर वेल्ड न्यायचा नाही, तिथे भोक पण पाडायचं नाही. ढिल्या रिबीटांच्या जागी बोल्ट टाकलेस तर भोक रीमरने गोल करून १०.९ ग्रेडचे, आतबाहेर न हलणारे बोल्ट. ढिल्या भोकात घट्ट आवळलेला साधा बोल्ट पुन्हा ढिला होतोच.

गंजलेला_नट

दोन आठवड्यांनी आलोय, माफ करा.

तडा होता. काकांनी म्हटलं तिथेच, डाव्या चॅनेलला स्टेअरिंग बॉक्सच्या मागच्या बोल्टापासून निघून खाली गेलेला, ३० मिमी. नुसत्या डोळ्यांना मला तिथे काहीच दिसलं नव्हतं, वायर ब्रशनंतर सुद्धा. पांढरा स्प्रे वाळला आणि केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटायला लागली. मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. या गाडीने मी दोनदा हायवेवर जाऊन आलो होतो.

ओढण्याआधी तडा उघडा ठेवायचा की आधी वेल्डिंग करायचं यावर ताईंना मेसेज केला होता, त्यांनी सांगितलं आधी टोकाला भोक पाड, मग ओढ, मग सरळ झालेल्या चासीवर वेल्ड, नाहीतर वाकडेपणाच पक्का होईल. त्याप्रमाणे केलं.

पहिल्या दमात जॅकने ७ वरून शून्यावर आणलं आणि मी आनंदाने सोडला तर परत साडेपाचवर जाऊन बसलं. हिरमोड. दुसऱ्या वेळी शून्याच्या पलीकडे ४ मिमी नेलं, अर्धा तास तसंच ठेवलं, सुरकुतीच्या भोवती ठोकत राहिलो. सोडल्यावर ३ उरले. तिसऱ्या वेळी पलीकडे ६ पर्यंत गेलो, ठोकताना मधेच चॅनेलमधून एक बारीक "टक्" आवाज आला, मी उडालोच, पण ती गंजाची खपली होती सुरकुतीतून सुटलेली. सोडल्यावर दीड मिमी. तिथे थांबलो. टॉर्च पेटवावाच लागला नाही.

आता पुढचे कर्ण २ मिमीने वेगळे, व्हीलबेस २७९४ आणि २७९२. ओळखीच्या एका वेल्डरने ताईंची पोस्ट वाचून दाखवल्यावर आधी माझ्याकडे रागाने बघितलं आणि मग तंतोतंत तसंच केलं. जोडपट्टी पतंगाची. सुरकुती बोटाला अजून किंचित लागते, ती घासून काढू का?

आणि एक नवीनच. पाण्याची परीक्षा परत केली, ठसे एकावर एक. पण सरळ जाताना स्टेअरिंग चक्र आता उजवीकडे थोडं वळलेलं असतं. आधी डावीकडे, आता उजवीकडे. मी जास्त ओढली का?

स्पॅनरताई

सुरकुतीला ग्राइंडर लावू नकोस. उंचवटा घासलास तर पट्टी तिथेच पातळ होईल, नेमकी जिथे ती आधीच दमलेली आहे. प्राइमर मारून सोडून दे आणि वर्षभराने तिथे परत एकदा लाल स्प्रे मारून बघ.

ओळंबा_काका

जास्त ओढलेली नाहीस, ठसे एकावर एक आहेत म्हणजे अ‍ॅक्सल सरळ आहेत. मला वाटतं आधीच्या कुणीतरी गाडी ओढतीये म्हणून चक्र काढून शाफ्टवरचा एक दात सोडून बसवलं असणार, म्हणजे निदान चक्र तरी कमी वाकडं दिसावं. तू रोग काढलास आणि त्याचं औषध उरलं.

पण लगेच चक्र उपटू नकोस. पुढची चाकं उचल, चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोज आणि बरोबर अर्ध्यावर आणून थांब. हा बॉक्सचा मध्य, त्याची पकड इथेच सगळ्यात घट्ट असायला हवी. आता खाली वाकून चाकं बघ. चाकं सरळ असतील तर चक्रच दात चुकवून बसवलंय, खुशाल काढून नीट बसव. चाकं वाकडी असतील तर चक्राला हात लावू नकोस, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) वाकलीये का ते बघ. डावीकडून मार बसलाय ना गाडीला, लिंक पण त्याच बाजूला आहे.

गंजलेला_नट

फेरे मोजले, अर्ध्यावर आणलं. चाकं सरळ, चक्र उजवीकडे. नट खोलला तर शाफ्टवर छिन्नीने मारलेली खूण आणि चक्रावर तशीच दुसरी, दोन्ही एका दाताने चुकलेल्या. जुळवून बसवलं. पुढच्या आठवड्यात हौद्याची लाकडं, त्यासाठी वेगळा धागा काढतो.